शीव, बंड आणि कायदा : वारणा-कृष्णाकाठची बंडखोरकथा आणि अभिजात ‘वेस्टर्न’

प्रश्नाची मांडणी

‘वेस्टर्न’ या अमेरिकी चित्रप्रकाराचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिमेकडे सरकणाऱ्या वसाहतींतील गुराखी, घोडेस्वार, दरोडेखोर आणि शेरीफ यांच्या कथांचा, मराठीत विचार होतो तो बहुधा हिंदी चित्रपटांच्या, त्यातही १९७५ च्या ‘शोले’च्या निमित्ताने. पण ज्या परिसराने स्वतःची बंडखोरकथा पोवाड्यात, तमाशाच्या वगात, कादंबरीत आणि चित्रपटात पिढ्यान्‌पिढ्या जोपासली, त्या सातारा-सांगलीकडे या चर्चेत क्वचितच पाहिले जाते. वाळवा तालुक्यातील वाटेगावी १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली, तिला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि १९६३ मध्ये तिच्यावर कुमार चंद्रशेखर दिग्दर्शित चित्रपट निघाला. त्यांच्याच ‘वारणेचा वाघ’वरील वसंत पेंटर दिग्दर्शित चित्रपट १९७० चा आहे. घोडा, हत्यार, सूड, लुटलेला खजिना, पाठलाग करणारे सरकार आणि बंडखोराच्या बाजूने उभा असलेला गरीब माणूस हे सर्व घटक या कथांत आहेत. त्यामुळे वेस्टर्नचे आणि या कथांचे साम्य रचनेच्या पातळीवरचे आहे की केवळ बाह्य सामग्रीचे, आणि वेस्टर्नसाठी तयार झालेली विवेचनाची साधने वारणेच्या खोऱ्यात कितपत कामाला येतात, असा प्रश्न उभा राहतो. त्यावर आजवर मांडल्या गेलेल्या आणि संभवणाऱ्या भूमिकांचा हा आढावा आहे.

वेस्टर्नची कथनरचना

वेस्टर्नच्या मुळाशी ‘सीमाप्रदेशा’ची, म्हणजे जेथे वसाहत संपते आणि कायदा अजून पोहोचलेला नसतो अशा भूमीची कल्पना आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेने असा सलग सीमाप्रदेश आता उरला नसल्याचे नोंदवले आणि १८९३ मध्ये फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने अमेरिकी स्वभाव याच सीमाप्रदेशाने घडवला असा सिद्धान्त मांडला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, एडविन पोर्टर यांचा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा सुमारे बारा मिनिटांचा मूकपट आला. प्रत्यक्षातला सीमाप्रदेश संपल्यावर पडद्यावरचा सुरू झाला, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण वेस्टर्न ही पहिल्यापासून गेलेल्या काळाकडे वळून पाहणारी कथा राहिली.

१९३९ चा जॉन फोर्ड यांचा ‘स्टेजकोच’ आणि १९५६ चा त्यांचाच ‘द सर्चर्स’ यांच्यामधल्या काळात या प्रकाराला जे रूप आले त्यालाच सामान्यतः अभिजात वेस्टर्न म्हटले जाते. फ्रेड झिनेमन यांच्या ‘हाय नून’मध्ये (१९५२) सूडासाठी येणाऱ्या गुंडाची गाडी दुपारी बाराला पोहोचणार असते, गावातला एकेक माणूस मार्शलची साथ सोडतो, आणि गावाच्या मदतीविना लढून जिंकल्यावर तो आपला अधिकाराचा बिल्ला मातीत टाकून निघून जातो. जॉर्ज स्टीव्हन्स यांच्या ‘शेन’मध्ये (१९५३) गुरांच्या कळपांचा बडा मालक लहान शेतकऱ्यांना जमिनीवरून हुसकावू पाहतो, कोठून तरी आलेला एक परका बंदूकबाज त्यांच्या वतीने लढतो, पण शांत झालेल्या वस्तीत बंदुकीला जागा नसल्याने तोही निघून जातो. समाजशास्त्रज्ञ विल राइट यांनी १९७५ च्या ग्रंथात अशा कथांची समान रचना उलगडून दाखवली आहे: नायक समाजाबाहेरचा असतो, समाज दुर्बळ आणि खलनायक प्रबळ असतो, नायकाजवळ समाजाकडे नसलेली शक्ती असते, तिच्या बळावर तो समाजाला वाचवतो आणि मग एकतर समाजात मिसळून वेगळेपण सोडतो किंवा समाजच सोडतो.

या रचनेत एक मोठी गाळलेली जागाही आहे. जी भूमी मोकळी म्हणून दाखवली जाते ती मूळ रहिवाशांकडून हिरावून घेतलेली असते आणि ते रहिवासी पडद्यावर बहुतेक वेळा केवळ धोका म्हणून येतात. ‘द सर्चर्स’ने नायकाच्याच मनातला वंशद्वेष मध्यभागी आणला आणि शेवटी त्याला घराच्या दाराबाहेर ठेवले, म्हणून हा चित्रपट या प्रकारातल्या आत्मपरीक्षणाचा आरंभ मानला जातो.

कथाभूमीची पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून अण्णा भाऊंच्या बालपणीचे वाटेगाव साताऱ्यातले आणि आजचे सांगलीतले. सह्याद्रीच्या माथ्यावरून निघून सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळणारी वारणा, तिच्या वरच्या अंगाचे चांदोलीचे दाट जंगल, खालच्या अंगाची काळी जमीन आणि पूर्वेकडचा कोरडा माणदेश असा हा प्रदेश आहे. येथे मोकळी, कोणाची नसलेली भूमी फारशी नाही. प्रत्येक शेताला बांध आहे, प्रत्येक गावाला शीव आहे, आणि त्या शिवेच्या आत कोणी कोठे राहायचे, कोणते काम करायचे हे वतनव्यवस्थेने, म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेल्या कामाच्या आणि हक्काच्या वाटणीने, ठरवून दिलेले आहे.

चित्रपटाच्या दृष्टीनेही हा प्रदेश कोल्हापूरच्या चित्रसृष्टीच्या अंगणातला. बाबूराव पेंटर यांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ हा मूकपट नारायण हरी आपटे यांच्या कथेवर आधारित होता आणि हे आपटे साताऱ्यातील कोरेगावचे रहिवासी. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम असलेल्या या चित्रपटात सावकाराच्या कपटाने शेतकऱ्याची जमीन जाते आणि त्याला शहरात मजुरीला जावे लागते. ‘शेन’मधला संघर्ष आणि हा संघर्ष दोन्ही जमिनीचे आहेत, पण येथे जमीन बंदुकीने जात नाही, कागदाने जाते, आणि तो कागद ज्या कचेरीत खरा ठरतो ती कायद्याचीच कचेरी असते. वेस्टर्नमध्ये कायदा यायचा असतो. कृष्णाकाठी तो केव्हाच आलेला असतो आणि दुःखाचे मूळ पुष्कळदा त्यातच असते. पुढच्या सगळ्या तुलनेची मेख या एका फरकात आहे.

‘फकिरा’ची रचना

‘फकिरा’चे कथानक दोन पिढ्यांचे आहे. पहिल्या भागात राणोजी हा मातंग वीर शेजारच्या शिगावची जोगिणी, म्हणजे ज्या गावाकडे असेल त्या गावाला जत्रेचा मान देणारी देवीची वस्तू, वाटेगावात आणण्यासाठी जिवावर उदार होतो आणि शिवेवर मारला जातो. गाव जत्रेचा मान मिळवते, राणोजीचे घर माणूस गमावते. दुसऱ्या भागात त्याचा मुलगा फकिरा मोठा होतो, जोगिणी परत नेण्यासाठी आलेल्या शिगावच्या खोताला गाठतो, पण त्याचा जीव न घेता जायबंदी करून सोडून देतो. सूडाची कथा येथेच संपू शकली असती. ती पुढे जाते, कारण त्यानंतर दुष्काळ येतो, उपासमार येते, सरकारी हजेरी येते, आणि ज्या माणसांनी गाव राखायचे त्यांनाच गुन्हेगार ठरवून रोज मोजले जाऊ लागते. फकिरा धनिकाचा वाडा फोडून धान्य वाटतो, सरकारी खजिना लुटतो, रानात राहतो. सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरते आणि त्यांच्यासाठी तो स्वतः होऊन सरकारच्या हाती येतो.

राइट यांच्या आराखड्यावर ही कथा ठेवून पाहिली की साम्य आणि भेद दोन्ही स्पष्ट होतात. प्रबळ प्रतिपक्ष, संकटात सापडलेला समूह, असाधारण धैर्य हे घटक जुळतात. जुळत नाही ती नायकाची जागा. शेन कोठून आला हे कोणालाच ठाऊक नाही. फकिराचा बाप कोणत्या शिवेवर पडला हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. तो परका नाही, गावाचाच आहे, आणि तरी गावाच्या कडेला राहणारा आहे. शंकरराव पाटील आणि विष्णुपंत कुलकर्णी हे गावचे वतनदार त्याच्या बाजूने उभे राहतात, म्हणून गाव विरुद्ध बंडखोर अशी सरळ फळीही पडत नाही. फळी पडते ती भूक आणि राज्यसत्ता यांच्यामध्ये. शेवटाचा भेद तर मुळालाच भिडणारा आहे. वेस्टर्नचा नायक समूहाला सोडून जाऊ शकतो, कारण त्याच्यामागे कोणी नसते. फकिराला निघून जाणे शक्यच नाही. त्याची माणसे हीच त्याची शक्ती आणि तीच त्याला पकडण्याची किल्ली. अभिजात वेस्टर्नच्या एकाकीपणाला जी भव्यता आहे, तिच्या तोडीची भव्यता या परतण्याला आहे, हे मराठी समीक्षेने पुरेशा स्पष्टपणे सांगितलेले नाही.

विवेचनाच्या प्रमुख भूमिका

पहिली भूमिका ‘सामाजिक दरोडेखोरी’ या संकल्पनेवर आधारलेली आहे. ब्रिटिश इतिहासकार एरिक हॉब्सबॉम यांनी ‘प्रिमिटिव्ह रेबेल्स’ या ग्रंथात ती मांडली आणि ‘बँडिट्स’मध्ये तिचा विस्तार केला. सरकार ज्याला गुन्हेगार ठरवते पण शेतकरी समाज ज्याला आपला मानतो, तो सामाजिक दरोडेखोर. त्याचे उदार लुटारू, प्रतिकारक टोळीवाला आणि सूड उगवणारा असे प्रकार त्यांनी केले. पहिला ग्रंथ १९५९ चा, म्हणजे ‘फकिरा’च्याच वर्षीचा, दुसरा १९६९ चा, अण्णा भाऊंच्या निधनाच्या वर्षीचा. एकमेकांशी काहीही संबंध नसताना एकाच दशकात एकच माणूस दोन भाषांत आकाराला आला, यामुळे ही तुलना मनात भरते. या दृष्टीने पाहिले तर वेस्टर्नमधला बंदूकबाज, इंग्रजांविरुद्ध उठलेले उमाजी नाईक, फकिरा आणि ‘वारणेचा वाघ’चा सत्तू भोसले हे एका जागतिक कुळातले ठरतात.

या भूमिकेवर डच मानववंशशास्त्रज्ञ अँटोन ब्लोक यांनी १९७२ मध्ये घेतलेला आक्षेप येथेही लागू पडतो. दरोडेखोर प्रत्यक्षात बड्यांच्या आश्रयाने जगतात आणि गरिबांनाच दडपतात. लोककथेतला उदार लुटारू हे लोकांच्या इच्छेचे चित्र आहे, घडलेल्या गोष्टीचे नव्हे, असे त्यांचे म्हणणे. त्याला उत्तर असे दिले जाते की इच्छेचे चित्र हासुद्धा इतिहासाचाच पुरावा आहे, आणि कादंबरी किंवा चित्रपट वाचताना तर तोच मुख्य पुरावा ठरतो.

दुसरी भूमिका जात आणि वसाहतकालीन कायदा यांना केंद्रस्थानी ठेवते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या नव्या कायद्याने त्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर झाली. तो रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. एखाद्या जातीत जन्मणे हाच गुन्ह्याचा आधार मानणारा हा कायदा समोर असताना फकिराला केवळ उदार लुटारू म्हणणे अपुरे आहे, कारण त्याचे बंड लुटीच्या आधी हजेरीविरुद्धचे, म्हणजे माणूस म्हणून मोजले न जाण्याविरुद्धचे आहे, असे ही भूमिका सांगते. अण्णा भाऊंनी ही कादंबरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आणि १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले, हे दोन्ही तिचे आधार आहेत. रणजित गुहा यांनी १९८३ च्या ग्रंथात दाखवून दिलेली गोष्टही तिला बळ देते: सरकारी दफ्तरात जो दरोडा म्हणून नोंदला जातो तो टंचाईच्या काळात बंड म्हणून केलेला असू शकतो, आणि दफ्तराची भाषा उलटी वाचल्याशिवाय तो दिसत नाही. वेस्टर्नशी तुलना करताना ही भूमिका एक महत्त्वाचा कोन पुरवते. अमेरिकी कथेत जो समूह पडद्याच्या कडेला ढकलला गेला, त्याच्याशी जुळणाऱ्या स्थानावरून ‘फकिरा’ सांगितली गेली आहे.

तिसरी भूमिका कथाप्रकाराची आहे आणि ती आशयापेक्षा सांगण्याच्या रीतीकडे पाहते. अण्णा भाऊंच्या कादंबऱ्यांवर अतिरंजितपणाचा, नायकाला निर्दोष आणि खलनायकाला काळाकुट्ट रंगवण्याचा आक्षेप घेतला गेला आहे. त्याचा उगम पाश्चात्त्य चित्रपटांत शोधण्याआधी पोवाडा आणि वग यांच्याकडे पाहावे, असे ही भूमिका सुचवते. अण्णा भाऊ हे शाहीर होते. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले होते, आणि ज्या वाळवा तालुक्यात ते वाढले तो रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांचाही तालुका. पोवाड्याच्या रीतीत पराक्रम आधी जाहीर होतो आणि मग घडतो, पात्राचे मन त्याच्या कृतीतूनच कळते, आणि ऐकणारा समूह कथेत सामील असतो. या कसोटीवर जो दोष वाटतो तो रीतीचा धर्म ठरतो. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी वेस्टर्नलाही महाकाव्याच्या जवळचे मानले होते. तेव्हा दोन्हींचे नाते परस्परांवरील प्रभावापेक्षा वीरकाव्याच्या समान पूर्वपीठिकेत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

कायद्याच्या बाजूने सांगितलेली कथा

बंडखोराच्या बरोबरीने कायद्याचा माणूस हाही वेस्टर्नचा नायक असतो, आणि या परिसराने तशीही एक कथा दिली आहे. औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ, १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. पंतप्रतिनिधींचे हे संस्थान आणि तेथे येऊन राहिलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकारातून आलेल्या या प्रयोगात खुनाची शिक्षा झालेले कैदी भिंतीविना शेती करीत. त्याच माणदेशातून आलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावर कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा हिंदी चित्रपट केला, ज्याला पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल हा सन्मान मिळाला.

या चित्रपटाचा सांगाडा वेस्टर्नच्या किती जवळचा आहे हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. ओसाड जमीन, तिला लागवडीखाली आणणारा लहानसा समूह, भाजीचा भाव आपल्याच मुठीत ठेवू पाहणारा व्यापारी, त्याच्या माणसांचा हल्ला आणि समूहासाठी प्राण देणारा जेलर नायक हे सारे तेथे आहे. पण ‘हाय नून’च्या मार्शलजवळ शेवटी बंदूकच असते, तर या जेलरच्या कैद्यांनी हात न उचलता मार सोसणे हीच कथेची परमोच्च घटना आहे. बंदुकीच्या कथेची रचना राखून तिच्यातून बंदूकच काढून टाकण्याचा हा प्रयोग यशस्वी झाला की नायकाच्या बैलाशी होणाऱ्या शेवटच्या झुंजीत शौर्याची जुनी कल्पनाच परतली, यावर मतभेद होऊ शकतात. पारडे यशाच्या बाजूला झुकते, कारण नायकाच्या मृत्यूनंतर कैदी पळून जात नाहीत.

अनिर्णित राहिलेले मुद्दे

काळाचा प्रश्न पहिला. फकिराने अण्णा भाऊंच्या जन्माच्या वेळी ओंजळभर सुरती रुपये दिले, अशी घराण्यातील आठवण सांगितली जाते. ती मानली तर तो १९२० मध्ये हयात होता. कादंबरीतला दुष्काळ मात्र वाचकाला १८९६ ते १९०० च्या दुष्काळांची आणि प्लेगच्या वर्षांची आठवण करून देतो. लेखकाने अनेक वर्षांचे अनुभव एका आयुष्यात गोळा केले असावेत, आणि वेस्टर्ननेही अमेरिकी इतिहासाशी नेमके हेच केले. पण कोणते वर्ष कोठून आले याचा कागदोपत्री उलगडा झाला तर दुसऱ्या भूमिकेतील कायद्याविषयीचे विवेचन अधिक नेमके होईल.

दुसरा प्रश्न भूदृश्याचा. फोर्ड यांच्या चित्रपटांतल्या मॉन्युमेंट व्हॅलीचे सुळके दिसताच वेस्टर्न ओळखू येतो. वारणेच्या खोऱ्याला तशी दृश्य ओळख पडद्यावर मिळालेली नाही. उलट कृष्णाकाठचे वाई आणि परिसर हे ‘गंगाजल’ (२००३) आणि ‘दबंग’ (२०१०) यांसारख्या कायदा आणि गुन्हेगारीच्या हिंदी चित्रपटांत बिहार किंवा उत्तर प्रदेश म्हणून दिसले. साताऱ्याची भूमी दुसऱ्या प्रांताच्या बेबंदशाहीची पार्श्वभूमी झाली आणि तिच्या स्वतःच्या बंडाची कथा मात्र मुख्यतः शब्दांत राहिली, ही खंत वाटावी अशी गोष्ट आहे.

तिसरा प्रश्न स्त्रीपात्रांचा. अभिजात वेस्टर्नमध्ये स्त्री बहुधा शांत, स्थिर संसाराची बाजू मांडते आणि नायकाला शस्त्रापासून परावृत्त करते. फकिराची आई राधा अशी नाही. नवऱ्याच्या मृत्यूचा वारसा आणि मुलाच्या जिवाची काळजी दोन्ही तिच्या ठायी आहेत. अण्णा भाऊंच्याच ‘वैजयंता’तली, गजानन जागीरदार यांनी १९६१ मध्ये पडद्यावर आणलेली, तमाशातली नायिका तर स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी झगडते. बंडखोरकथा हा पुरुषांचाच प्रकार आहे, हे गृहीतक या दोघींना शेजारी ठेवून तपासायला हवे.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र लोकमान्यतेचा आहे. वाळवा तालुक्यातील बोरगावच्या बापू बिरू वाटेगावकर यांना खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली, त्याआधी ते दीर्घकाळ फरारी होते, सुटकेनंतर त्यांनी प्रबोधनाचा मार्ग धरला, आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीतच तमाशाच्या फडांनी त्यांच्यावर वग केले. जिवंत माणूस आख्यायिका होत असताना मृतांचे नातलग त्याच तालुक्यात राहत असतात, आणि वगाच्या रीतीत त्यांच्यासाठी जागा नसते. त्याहीपेक्षा गुंतागुंतीचे उदाहरण १९४३ ते १९४६ या काळातल्या प्रतिसरकारचे, म्हणजे ब्रिटिश राज्याला समांतर उभ्या केलेल्या लोकांच्या सरकारचे, आहे. क्रांतिसिंह नाना पाटील, नागनाथअण्णा नायकवडी आणि जी. डी. बापू लाड यांच्या या चळवळीने स्वतः ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेगाडीतला सरकारी पैसा लुटला, आणि त्याच वेळी तिच्या न्यायदानाच्या कामाचा मोठा भाग गावोगाव माजलेल्या दरोडेखोरांचा बंदोबस्त करण्याचा होता. सरकारच्या नोंदीत चळवळीची लूट आणि दरोडेखोरांची लूट हे दोन्ही दरोडेच होते. गावकऱ्यांनी मात्र एक दरोडा आपला मानला आणि दुसऱ्याला शिक्षा दिली, आणि हा भेद करताना त्यांनी कोणते निकष लावले हे न्यायदान मंडळांपुढे आलेल्या तक्रारींतून व साक्षींतून वाचता येण्यासारखे आहे. ज्या परिसरात राणोजी-फकिराच्या गोष्टी सांगितल्या जात, त्याच परिसरातली माणसे या मंडळांपुढे दरोडेखोरांविरुद्ध उभी राहत होती. हॉब्सबॉम, ब्लोक आणि गुहा या तिघांच्याही मांडणीची खरी परीक्षा या पुराव्यावर व्हायची आहे.